उजव्या गियरची गाडी

जब्बारभाईच्या गॅरेजसमोर एक लाकडी बाक आहे. त्या बाकावर बसून आम्ही जेवढे किस्से सांगितले असतील, तेवढ्या गाड्या काही त्या गॅरेजात दुरुस्त झाल्या नसतील. धडधाकट माणसाला किस्सा शोधत फिरावं लागतं. माझ्याकडे तो आपल्या पायांनी येतो. माझा पाय दिसला की लोक काहीतरी बोलतात, आणि बोलले की झाला किस्सा. चार दिवस बाकावर गेलो नाही तर जब्बारभाई दुकानात डोकावून विचारतात, ‘काहून भाऊ, काही झालं नाही का एवढ्यात?’

मी दिलीप. वणीत, चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं रेडियमचं दुकान आहे. ट्रकवरची नावं, टिप्परवरचे आकडे, मोटारसायकलवरचे स्टिकर, असली कामं. बाजूलाच जब्बारभाईचं गॅरेज. तिसरा प्रफुल राठोड. हा महागावकडच्या तांड्यावरचा, इकडे कोळशाच्या खाणीत डंपर चालवतो. तिघांनाही गाड्यांचं वेड. माझा डावा पाय गुडघ्याखालून गेला त्याला बरीच वर्षं झाली. वेड काही गेलं नाही.

*

पहिला किस्सा मला स्वतःला आठवत नाही, पण बाकावर सगळ्यात जास्त तोच सांगितला जातो.

मी आणि प्रफुल आपापल्या गाड्यांवर परत येत होतो. मी पुढे, तो मागे. उन्हाची वेळ, रस्त्यावर कोळशाची धूळ, आणि मागून आलेला भरलेला ट्रक. त्यानं मला बाजूनं घेतलं आणि मागच्या चाकाखाली ओढलं. ट्रक थांबला नाही. प्रफुलनं गळ्यातला दुपट्टा काढून माझ्या मांडीला करकचून बांधला. लोक जमले. एवढ्यात म्हणे मी डोळे उघडले आणि विचारलं, ‘गाडी कुठं हाय?’

इथे बाक हसतो. दरवेळी हसतो. ‘पाय गेला, अन् हा गाडीचं विचारते!’ प्रफुल हा किस्सा फार रंगवून सांगतो. माझ्या साळ्याच्या लग्नातसुद्धा त्यानं सांगितला.

एकदा बाकावर आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, पुढचं सांग ना, गाडीचं विचारलं, मग काय झालं? त्यानं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, ‘मंग तुले जीपमध्ये टाकलं. तू झोपून राह्यला होता. मी रस्ताभर तुझ्या थोबाडीत मारत आलो. तोंड सुजलं होतं तुझं. डॉक्टरनं विचारलं, चेहऱ्याले काय लागलं म्हणून.’

तेवढं तो कोणाला सांगत नाही.

*

चंद्रपूरच्या दवाखान्यात माझ्या बाजूच्या पलंगावर एक म्हातारे गृहस्थ होते. शुगरमुळे त्यांचा पाय कापला होता, माझ्यासारखाच, फक्त उजवा. घरचं माणूस सकाळी डबा देऊन जायचं, मग दिवसभर ते आणि मी.

नसलेला पाय दुखतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. माझी टाच जळायची. टाच नव्हतीच. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी हे सांगायला लाजत होतो. बाईला वाटेल डोक्यावरही परिणाम झाला.

एक दिवस त्या म्हाताऱ्यानंच विचारलं, ‘तुमचाही खाजवते का?’ मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांची फार तगमग चालली होती. शेवटी ते सुनंदाला म्हणाले, ‘बाई, राग मानू नका. माझ्या पायाचा अंगठा जरा खाजवून देता का?’

सुनंदा उठली. चादर जिथे सपाट होती तिथे गेली, अंदाजानं हात ठेवला आणि चादर खाजवू लागली. म्हातारे म्हणाले, ‘थोडं खाली.’ तिनं हात खाली नेला. ‘हां. तिथंच.’ त्यांनी डोळे मिटून घेतले. किती वेळ ती खाजवत होती कोण जाणे.

सकाळी तो पलंग रिकामा होता आणि चादर बदलली होती. सुनंदा डबा उघडायला बसली आणि झाकण तसंच ठेवलं. मग मला म्हणाली, ‘तुमचं खाजवत असंन तर सांगत जा.’

*

नकली पाय बसला. चालणं आलं. पण गाडीचं नाव घरात कोणी काढू देईना.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर गावातच राहायचे, वणीपासून जवळच. आई लवकर गेली, त्यामुळे बोलायची सवय त्यांना राहिलीच नव्हती. अपघातावर त्यांनी एक शब्द काढला नाही. एक दिवस मात्र टेम्पोतून एक जुनी स्कूटर घेऊन आले. मागे दोन्ही बाजूंना जादा चाकं लावलेली. अपंगांची असते तशी. म्हणाले, ‘ही चालव.’

चालवली. पण दोन चाकांवर आयुष्य काढलेल्या माणसाला चार चाकांवर बसवलं की तो वळणावर झुकायला जातो, आणि गाडी झुकत नाही. गाडी सरळ आणि मी बाजूला, अशी गत. त्यात खड्डा मागच्या मधल्या चाकाखाली आला की ते चाक हवेत, आणि स्कूटर जागच्या जागी गुरगुरत उभी. ट्रकवाले मागून हॉर्न वाजवायचे. जब्बारभाई पाहत राहायचे. शेवटी एक दिवस ते पाना घेऊन आले आणि काही न विचारता दोन्ही चाकं खोलून टाकली.

आता बाबांना काय सांगायचं? मी ती चाकं दुकानामागे लपवली. बाबा रविवारी आले. दोन चाकांची स्कूटर पाहिली. माझ्याकडे पाहिलं. दुकानामागे गेले, चाकं उचलली, टेम्पो बोलावला आणि घेऊन गेले. मला वाटलं, आता हे बोलणंच सोडतील.

पुढच्या महिन्यात गावी गेलो तर त्या चाकांवर त्यांनी लोखंडी गाडा बनवून घेतला होता. त्यावर पाण्याचे ड्रम ठेवून गल्लीतल्या म्हाताऱ्या बायांना पाणी आणून देत होते. मला पाहून म्हणाले, ‘तुले नाही जमलं. मले जमते.’

*

गियरची गाडी डाव्या पायानं चालवायची म्हणजे नकली पंजा गियरखाली घालून वर उचलायचा. रबराचा पंजा. गियर त्याच्या वर आहे की खाली, काही कळत नाही. जब्बारभाईंनी बराच विचार केला आणि म्हणाले, ‘जुनी बुलेट पाहिजे. तिचा गियर उजव्या पायात असते, ब्रेक डाव्यात. डाव्यानं काही उचलायचं नाही, खाली दाबायचं फक्त.’

अशी एक गाडी खाणीच्या वसाहतीत पडून होती. तिथल्या एका इलेक्ट्रिशियनची. माणूस जाऊन काही वर्षं झाली होती. अंगणात ताडपत्रीखाली गाडी, सीटवर कोंबड्या. त्याची बायको बोलायला कडक. व्यवहार ठरला, कागद झाले. जब्बारभाईंनी तिथेच प्लग साफ केला, पेट्रोल ओतलं आणि किकवर पाय ठेवला, तशी ती बाई पुढे आली.

‘इथं सुरू नका करू.’

आम्हाला वाटलं, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. जब्बारभाई म्हणाले, एकदा पाहून घेतो ताई, पुढे बंद पडली तर हा माणूस ढकलू नाही शकत.

ती म्हणाली, ‘ढकलतच न्या. गल्लीच्या बाहेर नेऊन सुरू करा. हिचा आवाज आला की माझा हात पोळपाटाकडं जाते.’

आम्ही ती जड गाडी पूर्ण गल्लीभर ढकलत नेली. जब्बारभाई हँडलला, प्रफुल मागून, आणि मी बाजूनं एका हातानं, लंगडत. गल्ली संपली तरी जब्बारभाई थांबले नाहीत. मोठा रस्ता लागला, तोही ओलांडला. पार पाण्याच्या टाकीजवळ गेल्यावर म्हणाले, ‘आता नाही ऐकू जाणार.’

किक मारली. पहिल्याच किकला सुरू झाली.

*

ब्रेक डाव्या पायात, म्हणजे दाबायचा नकली पायानं. किती दाबला ते समजत नाही. पहिल्या दिवशी मी तो इतका दाबला की मागचं चाक फरफटत गेलं आणि मी गिट्टीच्या ढिगात. जब्बारभाईंनी उचललं, कपडे झटकले आणि म्हणाले, ‘पाय काही सांगणार नाही तुले. गाडीले विचार.’

ते खरं निघालं. मांडीत गाडीचा धक्का यायचा, त्यावरून मला कळायला लागलं. शिकलो.

पण थांबताना डावा पाय टेकायची जुनी सवय. एकदा भर चौकात थांबलो, पाय टेकवला तो नेमका सांडलेल्या वाळूवर. पाय घसरला आणि गाडीसकट आडवा. पडताना नकली पायाची वाटी, म्हणजे सॉकेट, फिरलं असावं, कारण लोक धावत आले तेव्हा माझ्या पँटच्या खालून निघालेला बूट मागच्या बाजूला तोंड करून होता.

एक बाई किंचाळली आणि तिथेच मटकन बसली. कोणी म्हणे ॲम्ब्युलन्स बोलवा, कोणी म्हणे हात नका लावू. मी म्हणतोय, काही झालं नाही, मला फक्त उठवा. मी जितका शांतपणे सांगतोय तितके लोक घाबरतायत. आणि गर्दीतून एक जण दुसऱ्याला सांगत होता, ‘पंजा मागं फिरला तरी ओरडून नाही राह्यला. पिऊन असंन साला.’

हसलो मी. घरी आलो, पाय काढला, तेव्हा सॉकेट रक्तानं भरलं होतं. खालचं कातडं फाटलं होतं. महिनाभर पाय घालता आला नाही. किस्सा सांगताना हा भाग मी गाळतो.

*

वणीच्या आसपास कोणाचा पाय गेला की लोक मला बोलावतात. खाणी आहेत, ट्रक आहेत, त्यामुळे बोलावणी येत राहतात. मी गाडीवर जायचं, पेशंटच्या खिडकीखाली मुद्दाम हॉर्न वाजवायचा, मग वर जाऊन म्हणायचं, बघ भाऊ, सगळं होते.

एक तरुण गवंडी होता. इमारतीवरून पडलेला. त्याची आई मला हाताला धरून आत घेऊन गेली. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी माझं नेहमीचं बोललो. गाडी, ब्रेक, जुनी बुलेट. तो वळला नाही. मी पाय काढून त्याच्या पलंगावर ठेवला, बुटासकट. म्हटलं, हात लावून पाह्य. त्यानं हातही लावला नाही.

मी पाय चढवून निघालो, दारापर्यंत आलो, तेव्हा मागून आवाज आला. ‘भाऊ, झोपताना कुठं ठेवता?’

आजवर मला मंत्र्यानं, डॉक्टरनं, पोलिसानं, सगळ्यांनी सगळं विचारलं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं. मी परत जाऊन बसलो. म्हटलं, आधी पलंगाखाली ठेवायचो. पण सकाळी उठल्यावर पहिल्यांदा वाकावं लागायचं त्याच्यासमोर. आता भिंतीला टेकून ठेवतो, हात पोहोचेल असा.

तो म्हणाला, ‘उभा?’

‘उभा.’

त्यानं मान हलवली आणि पुन्हा भिंतीकडे वळला. पण त्याच्या आईनं नंतर सांगितलं, त्या दिवशी तो जेवला.

*

मे महिन्यात वणीत सॉकेटच्या आत घामाचं तळं होतं. कातडं सोलतं. तेव्हा मी दुकानात पाय काढून ठेवतो, काउंटरला टेकून.

अशाच एका दुपारी एक ट्रक ड्रायव्हर आला. पन्नाशीचा, बोलका. टिप्परच्या बाजूला लावायला मोठे आकडे पाहिजे होते. नंबर सांगितला, रंग सांगितला, खुर्ची ओढून बसला. उन्हाचं बोलला, रस्त्याचं बोलला. मी रेडियम कापत होतो. मग त्याची नजर पायाकडे गेली.

‘कुठं झालं हे?’

मी जागा सांगितली. पुलाच्या पलीकडचं वळण.

‘ट्रकनं?’

‘हाव. थांबला नाही.’

त्यानं खुर्ची मागे सरकवली. माझे दोन आकडे कापून होईपर्यंत बसला होता. मग उठला. म्हणाला, चहा पिऊन येतो. टपरी समोरच होती. तो टपरीकडे गेला नाही. सरळ टिप्परमध्ये चढला आणि गेला.

संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी पाहिली. प्रफुलला कळलं तेव्हा तो बाकावरून ताडकन उठला. म्हणाला, नंबर तर आहेच ना आपल्याजवळ, तूच कापलाय, चल, आत्ताच्या आत्ता शोधू. जब्बारभाई म्हणाले, एखाद्याला फोन येतो, घरी कोणी आजारी असतं, माणूस निघून जातो. दोघांचं बरंच वाजलं.

ते आकडे अजून दुकानात आहेत. भिंतीकडे तोंड करून लावून ठेवले आहेत. प्रफुल आला की आधी तिकडे पाहतो, मग माझ्याकडे. मी म्हणतो, ‘घाईत असंन बिचारा.’ पण दुकानासमोर एखादा टिप्पर हळू झाला की माझा कटर थांबतो.

*

बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. सकाळी पाण्याचा गाडा घेऊन निघाले आणि ओट्यावर टेकले, ते तसेच.

आमच्यात अजून माती देतात. मी पोहोचलो तेव्हा काकांनी सगळं लावून ठेवलं होतं. पाहुण्यांना फोन गेले होते, बुद्धवंदनेला येणारे ठरले होते, दोन माणसं कुदळ-फावडं घेऊन मसणवटीत गेली होती. जागा आमच्या आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, बाजूची. आई तिथे आहे, मोठी आत्या तिथे आहे. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

प्रफुल खाणीतून ड्यूटी टाकून आला, अंगावरच्या काळ्या धुळीसकट. कुठे खोदताय विचारलं आणि म्हणाला, तिथे नको. कुंपणाजवळ पळसाचं झाड आहे, त्याच्याखाली खोदा.

काका भडकले. म्हणाले, तू कोण सांगणारा? आमचा माणूस, आमची जागा. चार लोक मध्ये पडले. प्रफुलनं मला दंडाला धरून बाजूला नेलं आणि जे सांगितलं ते असं.

माझं ऑपरेशन झालं त्या दिवशी मी बेशुद्ध होतो, सुनंदा माझ्याजवळ होती. बाबांनी डॉक्टरांना विचारलं, कापलेल्या पायाचं काय करता? त्यांनी सांगितलं, त्याची व्यवस्था असते. बाबा म्हणाले, नाही, तो मी नेतो. कागदावर सही केली आणि घेतला. नीट गुंडाळून कापडी पिशवीत. प्रफुलनं गाडी काढली तर म्हणाले, मोटारसायकलवर नाही. एसटीनं नेऊ.

ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा निघाला. पुढे केबिनजवळ बसा म्हणाला. बाबा मागच्या सीटवर जाऊन बसले, पिशवी मांडीवर. कंडक्टरही ओळखीचा. हसत म्हणाला, भाऊ, पिशवी खाली ठेवा की, एवढं काय आणलं चंद्रपूरहून? बाबांनी सांगितलं. तो कंडक्टर गावापर्यंत त्यांच्या सीटजवळ उभा राहिला. मध्ये कोणालाही टेकू दिलं नाही.

गावात उतरून ते दोघं वाटेतल्या एका घरून कुदळ घेऊन परस्पर मसणवटीत गेले. प्रफुलनं कुदळ मागितली, बाबांनी दिली नाही. स्वतः खोदलं. प्रफुल म्हणाला, बाबा, झालं, पुरे. तर म्हणाले, कुत्रे उकरतात, आणखी खोल पाहिजे. पुरलं, माती लोटली, पायानं दाबायची असते ती हातानं दाबली. मग तिथेच बसले आणि प्रफुलला म्हणाले, ‘मी गेलो की मले इथंच द्या. दिलीपले आता सांगू नको.’

प्रफुल म्हणाला, ‘इथं काहून बाबा? तुमची सगळी माणसं तर तिकडं हायत.’

‘तिकडं एकमेकाले हायत. हा एकटाच हाय.’

प्रफुल सांगून थांबला. मी काकांकडे गेलो. म्हटलं, पळसाखालीच खोदा. काका आमच्यासोबत मसणवटीत आले आणि त्या दोघांना थांबवलं.

ती दोन माणसं अवजारं घेऊन पळसाकडे निघाली. मी त्यांच्यामागे गेलो. प्रफुलनं बोटानं जागा दाखवली. पहिल्यानं कुदळ उचलली तेव्हा मी म्हटलं, ‘जरा हळू. डाव्या बाजूनं सांभाळून.’

त्यानं कुदळ तशीच धरली. ‘काहून? खाली कोणी हाय का?’

‘हाव,’ मी म्हटलं. ‘घरचंच हाय.’